खालती चार बोटं

यज्ञेशच्या गाडीचा बंपर आमच्या अंगणात मासळीच्या दोन क्रेटवर आडवा पडला होता आणि शेजारी गाडीखाली माझा भाऊ अजिंक्य उताणा. त्याचे पायच तेवढे दिसत होते. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती आणि बाबांनी त्याला बजावून ठेवलं होतं, "नारळ पडस्तोवर काय ती तुजी गाडीबिडी कर. गॅरेजला शेड मिळाली तर चांगलाच हाय. नाय मिळाली तर मुकाट बोटीवर चल. मी खलाशी कुठनं आणू?"

बाबांचंही खोटं नव्हतं. आमच्या भाट्यात हल्ली बोटीवर यायला माणूस मिळत नाही. पण मागच्या वर्षी जाळं सोडताना अजिंक्यचा पाय अडकला आणि तो जाळ्याबरोबर पाण्यात गेला. बाबांनी त्याला केसाला धरून वर ओढला. तेव्हापासून हा पुळणीवर फिरायला गेला तरी ओल्या वाळूपाशी आला की मागे वळतो. दर्यावर जगणाऱ्या घरातला पोरगा पाण्याला भितो म्हणून वाडीतली माणसं दात काढतात. त्यांच्या बत्तिशीवर वल्हं हाणावंसं मला कितीदा वाटलंय.

आणि हाच पोरगा इंजिनात हात घातला की निराळा होतो. यज्ञेश हा कुवारबावच्या बागायतदारांचा मुलगा. गाडीच्या बाबतीत दोघांचं वेड सारखंच. यज्ञेशने आपल्या जुन्या डिझेल गाडीसाठी मोठा इंटरकूलर मागवला होता. टर्बोतून तापून येणारी हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी ती रुंद जाळी. ती गाडीच्या नाकाशी बसवायची, म्हणजे बंपर आतून कापणं आलं. गाडी होती त्याच्या वडिलांच्या नावावर, आणि हा बंपर आता कंपनी बनवत नाही.

सकाळी गाडी अंगणात घेताना अजिंक्यने त्याला सांगितलं, "खालती घे थोडी, माडाला लागंल." यज्ञेशने स्टेअरिंग समुद्राच्या बाजूला वळवलं आणि गाडी नीट लावली. उतरून म्हणाला, "समोरून बघितलं तर कापल्याचं कळता कामा नये. हे जमलं, की बागेतली रिकामी शेड तुला गॅरेजला द्या म्हणून मी आजच बाबांशी बोलतो. संध्याकाळी येतो." यज्ञेश शब्दाचा पक्का आहे, म्हणून तर आमचा जीव एवढा टांगणीला लागला.

दुपारपर्यंत सगळं झकास चाललं. अजिंक्यने बंपरच्या तळाची आतली पट्टी एक्साब्लेडने कापली, कानशीने घासली. बंपर गाडीला लावून बघायचा, काढायचा, पुन्हा थोडा कापायचा. मी धरायला. जेवायलासुद्धा उठला नाही मेला. मी त्याच्या तोंडात घास भरवले, वर शिव्याही घातल्या. मनातून मात्र मी शेडला रंग देऊन मोकळी झाले होते.

ऊन कलायला लागलं तसा त्याचा धीर सुटत चालला. जाळी नटवर बसेना, लावलेल्या बंपरला घासायची म्हणून बंपर परत क्रेटवर काढला. तो गाडीखाली शिरला, जाळी दोन्ही हातांनी वर दाबून धरली आणि आतूनच ओरडला, "ताय, घासतंय गो अजून! मला हात सोडवत नाय. ग्राइंडर घे नि खालती चार बोटं काप. आटप!"

ग्राइंडर मी आधीही चालवला होता, बोटीच्या पत्र्यावर. मी बंपरपाशी गेले. समुद्राकडच्या टोकाला, जिथून पाइप बाहेर येणार होता, तिथे चार बोटं आडवी ठेवून खूण केली. आमच्याकडे जाळ्याचा आस, म्हणजे भोकसुद्धा बोटांनीच मोजतात, माझं माप चुकत नाही. ग्राइंडर सुरू केला. प्लॅस्टिक वितळल्याचा घाण वास सुटला. तो आतून काहीतरी विचारत होता, पण त्या आवाजात मला काय ऐकू येणार? तुकडा खाली पडला.

"झालं रे!" मी म्हटलं. खुशीत म्हटलं, देवाशपथ.

तो सरपटत बाहेर आला, बंपरकडे बघितलं आणि खाली बसला. दिव्याखालचा सगळा गाल मी उडवला होता. रस्त्याच्या पलीकडून दिसलं असतं असं भगदाड.

"खालती म्हटलं होतं मी," तो म्हणाला.

"खालतीच कापलंय! हा काय समुद्र!" मी हात करून दाखवला.

"तळाला गो, ताय. तळाला."

आमच्या घरात डावं-उजवं कोणी म्हणतच नाही. समुद्राकडचं ते खालती, डोंगराकडचं ते वरती. जेवायच्या पानातलं मीठसुद्धा वरती-खालती सरकतं. जन्मभर त्या शब्दाने आम्हाला कधी फसवलं नव्हतं.

मग आम्ही काय काय नाही केलं. तुकडा चिकटवून बघितला, मागून पत्रा लावला, जोडावर काळा रंग मारला. हात लावला की तुकडा डुगडुगायचा. मी रवळनाथाला नारळ बोलले. फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या कोकण्याच्या घरी वेड्यासारखी सामान मागायला पळत गेले आणि हात हलवत परत आले.

यज्ञेश आला तेव्हा अजिंक्य पुढे झाला. "माझ्या हातनं झालं."

"खोटं बोलतो तो!" मी ओरडले. "मी कापलं. तो तळाला म्हणत होता, मी समुद्राकडे समजले. तूच सांग यज्ञेश, सकाळी तुला खालती घे म्हटलं तर तू गाडी कुठे नेलीस? मग माझं काय चुकलं?"

तो बंपरजवळ उकिडवा बसला आणि तुटक्या कडेवरून बोट फिरवलं. "तुझं काही चुकलं नाही, भाविका," तो हळूच म्हणाला. "पण बाबा बंपर बघतील. तुमचं बोलणं कुठे ऐकणार आहेत ते? आता शेडचं नाव काढायला तोंड नाही राहिलं मला."

त्याने आवाज चढवला असता तर मी भांडले असते. भांडायला माणूसच समोर नव्हता. जाळी परत खोक्यात गेली आणि हवेचे पाइप सुटे केलेली गाडी दोराने ओढून न्यावी लागली. अजिंक्य अंगणातली प्लॅस्टिकची भुकटी झाडत बसला. "ताय, तू रडू नको," एवढंच म्हणाला. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

सकाळी नारळ पडला. बाबांनी बोटीला हळदकुंकू लावलं, सगळ्यांनी मिळून बोट लोटली. अजिंक्य ओल्या वाळूपाशी थांबला. बाबांनी बोटीवरून हात पुढे केला. त्याने माझ्याकडे वळून बघितलं, मग डोळे मिटून पाण्यात पाय टाकला. वर चढल्यावर तो काठाला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला.

"अजिंक्या, सुकाणू धर," बाबा म्हणाले. "घे खालती."

ह्या खेपेला खालती म्हणजे कुठे, हे आमच्यापैकी कुणालाही विचारावं लागलं नाही.