अलीकडच्या स्टेशनचं यंत्र

नकाशा भिंतीवर लागला तेव्हा मला वाटलं, कागद कमी पडला असेल. शाळेच्या सभागृहात रेल्वेचे इंजिनिअरसाहेब खुर्चीवर चढून कोपऱ्यांना चिकटपट्टी लावत होते. विजेच्या गाड्यांची लाल रेघ शहरातून निघून एकेक स्टेशन घेत आमच्या अलीकडच्या स्टेशनापर्यंत आली होती. तिथून पूल ओलांडून नऊ किलोमीटरवर आमचं, म्हणजे शेवटचं स्टेशन. त्या नऊ किलोमीटरांवर रेघच नव्हती. दुसरा कागद जोडायचा असेल म्हणून मी वाट बघत बसले. साहेब खाली उतरले, हात झटकले आणि बोलायला लागले.

मी या स्टेशनच्या तिकीट खिडकीवर सव्वीस वर्षं बसते आहे. पाट्या टाकणारी बाई नाही मी. खिडकी एक मिनिट उशिरा उघडली असं कुणी दाखवून द्यावं. ‘एकेरी की परतीचं?’ हे विचारल्याशिवाय माझा हात यंत्राकडे जात नाही, आणि लोक त्यावरून माझी नक्कल करतात हेही मला ठाऊक आहे. सरकार आमच्या मार्गासाठी पैसे देणार, डिझेलच्या गाड्या जाऊन विजेच्या येणार, अशी कुणकुण लागली तेव्हा अर्जावरच्या सह्या मीच गोळा केल्या. खिडकीत दोरीला पेन बांधून ठेवलं होतं. जो सही करायला कांकू करेल त्याचे सुटे पैसे मी जरा सावकाशच मोजायचे. चौदाशे सह्या झाल्या.

त्यात माझा स्वार्थ होता, लपवण्यात अर्थ नाही. माझी मुलगी शहरातल्या रुग्णालयात रक्त तपासायचं काम करते. डिझेलची गाडी चढावर धापा टाकते, वाटेत एकदा बदलावी लागते, तिचे जायला दोन तास आणि यायला दोन तास मोडतात. विजेची गाडी तासाभरात पोचवणार होती. गेल्या वर्षी तिने शहरात एक खोली पसंत केली, किल्लीही घेऊन आली. मी हट्ट धरून ती किल्ली परत करायला लावली. दोन वर्षं कळ काढ, गाडी येतेय, माझा शब्द आहे, असं म्हटलं तिला. तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती गेली तर मला घर खायला उठेल, हे मात्र बोलले नाही. ती न बोलता समजली आणि राहिली.

तर साहेब सांगत होते की सरकारी पैसा प्रवाशांच्या संख्येवर मंजूर होतो. आमचा पूल जुना, त्यावर तारा टाकायच्या तर पूलच नवा बांधायला हवा. एवढा खर्च करायचा तर पलीकडे माणसं हवीत. डिझेलच्या गाड्या बंद झाल्या की पुलापलीकडचा मार्गही बंद होणार. सभागृहात कुजबूज सुरू झाली. साहेबांनी फाइल उघडली.

“गेल्या अकरा वर्षांत या स्टेशनवरून एकही तिकीट किंवा पास निघालेला नाही,” ते म्हणाले. “प्रवासी शून्य. आणि सह्या चौदाशे. आमच्या कार्यालयात सगळ्यांना वाटलं, कुणीतरी थट्टा केली आहे.”

लोक चक्क हसले. त्याच सकाळच्या गाडीने जाऊन आलेली निम्मी माणसं तिथे बसली होती. केशकर्तनवाला म्हणाला की मग मी भूतच म्हणायचा, आणि पुन्हा हशा पिकला. मी हसले नाही. अकरा वर्षं हा आकडा कानात शिरला आणि मी मनात मागे मोजत गेले.

अकरा वर्षांपूर्वी आमचं तिकीट यंत्र बिघडलं. अलीकडच्या स्टेशनला तेव्हा नवीन मिळालं होतं, म्हणून त्यांचं जुनं आमच्याकडे आलं. ते प्रत्येक तिकिटावर आणि पासावर त्यांच्याच स्टेशनचं नाव छापायचं. मी मास्तरांना दाखवलं. आमचे स्टेशनमास्तर म्हणजे देवमाणूस, पण आळशी. दोन्हीकडून भाडं सारखंच आहे, चालू दे तोवर, असं ते म्हणाले. मी वर दोन पत्रं पाठवली. तक्रार नोंदवली आहे, असं दोनदा उत्तर आलं. मग आम्ही सगळे विसरलो. नवा माणूस विचारायचा, बाई, हे नाव वेगळंच आहे की. मी सांगायचे, बसा निवांत, कुणी उतरवणार नाही. कधी कुणाला उतरवलंही नाही.

दोन वर्षांपूर्वी अलीकडच्या स्टेशनला नवीन छप्पर आणि चार बाकं मिळाली, तेव्हा आमच्या पोटात दुखलं होतं. एवढी कुठली गर्दी यांच्याकडे, असं मीच तणतणले होते. ती गर्दी आम्हीच होतो.

मी उभी राहिले. सगळं सांगितलं, यंत्र, पत्रं, काही न लपवता. मास्तर स्वतःच्या बुटांकडे बघत होते. हशा कधीच थांबला होता. दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती. केशकर्तनवाला म्हणाला की साहेबांनी उद्या फलाटावर उभं राहून डोकी मोजावीत. साहेब वाईट नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं की मोजणीची मुदत संपली आहे, आता छापील पुरावाच चालतो, आणि हरकत घ्यायचा आजचा शेवटचा दिवस.

“या स्टेशनचं नाव असलेला पास दाखवा,” ते म्हणाले. “अकरा वर्षांतला कुठलाही. एकच पुरे. मी इथे बसून फेरमोजणीची शिफारस लिहितो.”

पिशव्या उघडल्या, पाकिटं उघडली. जो तो आपला पास असा वाचत होता, जणू आज पहिल्यांदाच हातात आला आहे. कुणी दिव्याखाली धरला, कुणी उलटा करून पाहिला. मीही आशेने बघत होते, आणि माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं की तसा पास असूच शकत नाही. एकेक करून सगळे मी दिले होते. तिसऱ्या ओळीत माझी मुलगी बसली होती. तिने पास काढला, वाचला आणि मांडीवर पालथा ठेवला. साहेबांनी पाच वाजता फाइल मिटली.

घरी आल्यावर मी मास्तरांचा उद्धार केला, वरच्या कार्यालयाचा केला, यंत्राचाही केला. ती ऐकत राहिली. मग शांतपणे म्हणाली, “आई, मी रोज कुठून जाते, ते तुला तरी माहीत होतं ना?”

मी उठून भात टाकला.

सोमवारी सकाळी ती रांगेत चौथी होती. नेहमी पास असतो, त्यामुळे ती खिडकीकडे न येता परस्पर फलाटावर जाते; तो पास शनिवारी संपला होता. पायाशी तिच्या बाबांची मोठी बॅग होती. खोली पुन्हा मिळाल्याचं तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं, तरी ती खिडकीसमोर आल्यावर मला ती कोण हे ओळखायला एक क्षण लागला.

“एकेरी की परतीचं?” सवयीने तोंडातून गेलं.

तिने वर पाहिलं.

“एकेरी,” ती म्हणाली.

यंत्राने कुरकुर केली आणि तिकीट बाहेर टाकलं. मी ते फाडून खिडकीतून सरकवलं. ती बॅग ओढत फलाटावर गेली, गाडी सुटली, पुलावरून धूर दिसेनासा झाला. कागदोपत्री त्या दिवशीही आमच्या स्टेशनवरून कुणी गेलं नाही.