रावेरचा ट्रक, बर्फाचे दोन रस्ते

मित्रांनो, रावेरहून सावद्याकडे जाताना एक पत्र्याचं गॅरेज लागतं. त्याच्यामागे विटांवर टेकवलेला, चाकं नसलेला हिरवट ट्रक दिसतो ना, तो मी. हसू नका हं! माझ्या टपावर आता कोंबड्या बसतात हे खरं, पण मी हिमालय चढलेला गडी आहे.

माझं इंजिन कारखान्यात झालं, पण अंग दिलं ते जळगावच्या सुपडू मिस्त्रींनी. सन १९८४ मधली गोष्ट. सागाच्या फळ्या त्यांनी स्वतः निवडल्या आणि एका फळीला बारीक चीर दिसली म्हणून आठ दिवसांचं काम पुन्हा केलं. रंग वाळल्यावर ते चार पावलं मागे गेले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "झाला बुवा नवरदेव!" आयुष्यात मी एवढा कधी लाजलो नाही.

मग सुरू झाली केळीची वाहतूक. रावेर, फैजपूर, सावदा इथले हिरवेगार घड भरायचे आणि दिल्ली गाठायची. माझे चालक लोटनभाऊ धुळ्याकडचे. बोलणं अहिराणी, स्वभाव तापट आणि हात मात्र फुलासारखा हलका. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. मे महिन्यात माझ्या बॉनेटवर पाणी शिंपडलं की चर्र व्हायचं. त्या उन्हात केळी उबून जाऊ नये म्हणून लोटनभाऊंनी एक नियम केला होता. गाडी थांबली रे थांबली की ताडपत्रीची कड सोडायची आणि मालाला वारा द्यायचा. सात वर्षांत तो नियम एकदाही चुकला नाही.

१९९१ च्या जानेवारीत मला शिमल्याचा माल मिळाला. त्यातले काही घड शिमल्याच्याही पुढे, नारकंड्याला द्यायचे होते. तिथे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ शिकवतात. माल होता फैजपूरच्या सुनंदाबाईंच्या बागेतला. त्यांचा मुलगा कौतिक फौजेत होता आणि त्याची तुकडी तेच घसरणं शिकायला नारकंड्यात होती. त्यानं पत्रात लिहिलं होतं, 'माय, गुरुवारी सकाळी आम्ही इथून निघणार. पुढे वर्षभर सरहद्दीवरच्या बर्फात. तिथून पत्र येईल न येईल, काळजी करू नको.'

काळजी करू नको म्हटल्यावर कुठली आई गप्प बसते? सुनंदाबाई संक्रांतीच्या तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन थेट माझ्या केबिनमध्ये चढल्या.

"लोटन, मले पोरगं पाह्याचं आहे. तो जायच्या आधी."

"अक्का, थंडी भलती शे तठे," लोटनभाऊ म्हणाले.

"माझी केळी जाते ना? मंग मी काऊन नाही जाणार?"

निघालो.

मंगळवारी संध्याकाळी पहिला घाट चढून आम्ही एका ढाब्यावर मुक्काम केला. लोटनभाऊंनी सवयीनं ताडपत्रीची कड सोडली आणि झोपले. सकाळी सुनंदाबाईंनी मागे डोकावलं मात्र, त्यांनी कपाळावर हात मारला. कडेचे घड राखेच्या रंगाचे झाले होते.

"अरे बाबा, केळीले ऊन मारतं तशी थंडी बी मारते! हा काय आपला वैशाख आहे?"

लोटनभाऊंचा चेहरा उतरला. सात वर्षांच्या नियमानंच घात केला होता. मग त्या दोघांनी कडा घट्ट आवळल्या, फटींत वाळलं गवत कोंबलं आणि सुनंदाबाईंनी स्वतःची गोधडीसुद्धा घडांवर टाकली. अंगाभोवती पोतं गुंडाळून त्या पुढे बसल्या.

बुधवारी दुपारी शिमल्याचा माल उतरवून आम्ही फाट्यावर आलो. तिथून नारकंड्याला दोन रस्ते होते. वरचा डोंगराच्या खांद्यावरून जाणारा, तीन-चार तासांचा. खालचा सतलज नदीच्या काठानं वळसा घेत जाणारा, पार दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचवणारा. चहावाला म्हणाला, वर बर्फ आहे, पण सकाळी एक गाडी गेली आहे.

"खालना रस्ता लांब शे. उद्या दुपार व्हई जाई," लोटनभाऊ म्हणाले.

"उद्या दुपारी कोण राहणार तिथं? वरून चल," सुनंदाबाई म्हणाल्या.

मी वर वळलो, आणि मित्रांनो, तासाभरात ते सगळं माझ्यासमोर आलं! कसं सांगू तुम्हाला! आभाळाला टेकलेले डोंगर, आणि ते डोंगर सगळेच्या सगळे पांढरे. झाडं पांढरी, छपरं पांढरी, दगड पांढरे. आवाज म्हणून कुठे नाही. माझं इंजिन एवढं गुरगुरणारं, पण त्या शांततेत मलाच माझी लाज वाटली. मी सातपुडा रोज पाहत आलो. डोंगर म्हणजे काय ते मला कळतं, अशी माझी समजूत होती. ती तिथेच गळून पडली. सुनंदाबाईंनी काच खाली करून भुरभुरत्या बर्फात हात बाहेर धरला. तळव्यावर पडलेला बर्फ विरघळून गेला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "काय रे देवा, काय काय करून ठेवलंस तू!"

पुढच्या वळणावर रस्ता काळाभोर चकाकत होता. खान्देशातल्या माणसाला असा रस्ता दिसला तर तो एकच गोष्ट समजणार.

"रस्ता वला शे फक्त," म्हणत लोटनभाऊंनी गाडी घातली.

पण ते पाणी नव्हतं, काचेसारखा गोठलेला बर्फ होता. माझी चाकं फिरत राहिली आणि मी मात्र आडवा सरकत निघालो. ब्रेक दाबला तरी सरकतोच आहे! मोठमोठ्या घाटांत न डगमगलेला मी, पण तेव्हा माझे नटबोल्टसुद्धा खुळखुळले. दरीच्या कडेच्या दगडी कठड्याला माझं मागचं चाक धडकलं आणि मी थांबलो. कठड्यापलीकडे तळ दिसत नव्हता.

मग लोटनभाऊ म्हणाले, "अक्का, मी हळूहळू काढस गाडी. तुमना पोऱ्या भेटाले पाहिजे." पण गिअर टाकण्याआधी त्यांनी दरीकडे पाहून हात जोडले.

सुनंदाबाईंनी त्या हातांकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी आवाज खणखणीत होता.

"गाडी फिरव. माझ्या लेकाले भेटाले मी दुसऱ्या माऊलीचा लेक दरीत टाकू काय? भेट नशिबात असंल तर होईल. नसंल तर माझे लाडू त्याच्या मागं पाठवून देऊ."

चाकांखाली माती टाकत, इंच इंच मागे येत आम्ही कसेबसे फाट्यावर परतलो. त्या रात्री बाई झोपल्या नाहीत. गुरुवारी उजाडताच आम्ही खालच्या रस्त्याला लागलो. नदीकाठी ऊब होती, ताडपत्रीखालचा माल सुखात होता, पण केबिनमध्ये सुनंदाबाई सारख्या लोटनभाऊंच्या घड्याळाकडे पाहत होत्या. नऊ वाजले तेव्हा सुनंदाबाई एवढंच म्हणाल्या, "निघाला असंल आता."

दहाच्या सुमारास एका अरुंद वळणावर समोरून फौजेच्या चार गाड्या आल्या. रात्री वर पुन्हा बर्फ पडून तो रस्ता पुरता बंद झाला होता, म्हणून त्याही खालून आल्या होत्या. एका वेळी एकच गाडी जाईल एवढीच जागा. मागे सरायचं होतं मला. लोटनभाऊंनी रिव्हर्स टाकला, आणि तेवढ्यात दुसऱ्या गाडीतून हाक आली.

"माय!"

सुनंदाबाईंना आधी लेक ओळखूच येईना. गालाची कातडी सोललेली, ओठ फुटलेले, डोळ्यांभोवती बर्फातल्या काळ्या चष्म्याचे पांढरे गोल. त्यानं खाली उडी मारून दोन पावलं टाकली तेव्हा त्यांनी चाल ओळखली आणि त्याही खाली उतरल्या. पुढच्या गाडीतले साहेब घड्याळ दाखवत ओरडत होते, "जल्दी पीछे लो!"

आता खरं सांगतो. आजवर कुणाला सांगितलं नाही. मी बंद पडलो, तो मुद्दाम. टाकीत डिझेल होतं, बॅटरी ठणठणीत होती. लोटनभाऊंनी चावी फिरवली, मी हूं की चूं केलं नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं, आणि मग स्वतःशीच हसून उगाच एक नट सैल करून पुन्हा आवळत बसले. ते काय ते समजले होते.

सुनंदाबाईंनी लेकाचे दोन्ही कान तळव्यांत धरले आणि चोळत राहिल्या. "किती गार रे, किती गार," एवढंच. लाडवांचा डबा त्याच्या काखेत गेला, तो सगळ्या गाड्यांत फिरला. साहेबांनीही एक घेतला आणि घड्याळ बाहीत ढकललं. शेवटी बाईंनीच मुलाला म्हटलं, "जाय आता. लोकांचा खोळंबा होते." त्या केबिनमध्ये येऊन बसल्या, दार लागलं, आणि पहिल्याच चावीला मी सुरू झालो.

कौतिक दीड वर्षानं सुखरूप घरी आला. त्यानं लोटनभाऊंना सांगितलं, "काका, तिथं चौकीवर रात्री सगळं अंग बधिर व्हायचं. माझे कान मात्र कधी गार पडले नाहीत." खरं-खोटं तो जाणे. त्या दिवशी मला धुऊन त्यानं हार घातला होता. पुढे नव्या गाड्या आल्या, लोटनभाऊ थकले, माझी चाकं कुणी कुणी नेली. कोंबड्यांची मला तक्रार नाही.

एकच मागणं आहे, मित्रांनो. तुम्ही मोठे व्हाल, वेगवान गाड्या चालवाल. नेहमी जवळचाच रस्ता शोधाल, शोधा. पण कधी वाटेत एखादी म्हातारी गाडी आडवी बंद पडलेली दिसली, तर हॉर्नवर हात ठेवण्याआधी खाली उतरून बघा. तिच्या आडोशाला कुणाची तरी माय उभी असेल.