सारासार पक्षाचा फळा

मी एक फळा. बोलतोय म्हणायचाही संकोच वाटतो. आजवर लोकच माझ्यावर लिहीत आले. बंद पडलेल्या शाळेतून मला सरांनी आणलं. सर म्हणजे तर्कशास्त्राचे निवृत्त शिक्षक आणि सारासार पक्षाचे संस्थापक. शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत त्यांनी मला टांगलं आणि माथ्यावर पक्षाचं ब्रीद रंगवलं: 'कदाचित आपणच चुकत असू.'

त्याखाली देशाच्या प्रत्येक निवडणुकीत आम्हाला पडलेली मतं लिहितात. पुसायची नाहीत, असा नियम आहे. दोनशे बारा, एकशे चाळीस, शहाण्णव, एकेचाळीस, तीन.

असं का होत गेलं ते मला ठाऊक आहे. निदान तसं वाटतं. पक्षाची एक रीत आहे. मतदानाआधीच्या रविवारी सभा भरते आणि तीत विरोधकांची बाजू मांडायची, तीही अगदी मनापासून. दुसरी बाजू न ऐकता मत देणं म्हणजे सरांच्या मते शुद्ध अविचार. अडचण इतकीच, की सर फार सुंदर बोलतात. ऐकणारे डोळे पुसत उठतात आणि विरोधकांना मत देऊन येतात. आमचे उमेदवार सरच. तेही तसंच करतात.

गेल्या वेळच्या त्या तीन मतांची चौकशी आठ महिने चालली. एवढं भाषण ऐकून कोणाचं मन वळलं नाही? शेवटी सरांच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी, कबूल केलं, "माझा डोळा लागला होता रे." उरलेले दोघे चहा करायला गेले होते.

यंदा नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं. दहा मतं पडली नाहीत, तर पक्षाचं नाव कायमचं खोडणार.

"या खेपेला त्यांची बाजू राहू द्या की, सर," शिंपी म्हणाला.

"मग आपण उरलो कशाला?" सर म्हणाले. पण त्यांच्या बोटांतला खडू दाबाने मोडला. तो माझ्यावरच टेकलेला होता, म्हणून मला कळलं.

रविवारी सर बोलत असताना विरोधकांचा प्रचारक नऊ कार्यकर्त्यांसह पत्रकं वाटत आला. आपल्या पक्षाची इतकी स्तुती त्याने स्वतःच्या कार्यालयातही ऐकली नव्हती. दहाही जण आत येऊन बसले.

भाषण संपल्यावर ताई त्याला म्हणाल्या, "ऐकलंस ना पोटभर? आता आमची बाजू तू मांड. न्याय म्हणजे न्याय."

"मावशी, मला काय ठाऊक तुमची बाजू?"

"आम्हाला तरी कुठे नीट ठाऊक आहे? फळ्यावर बघ."

त्याने माझ्या माथ्यावरची ओळ वाचली आणि हसला. पुन्हा वाचली, तेव्हा हसला नाही. मग तो तासभर बोलला. आपल्या साहेबांनी ही ओळ आयुष्यात एकदा जरी उच्चारली असती, तर काय काय टळलं असतं, ते एकेक सांगत गेला. त्याचे कार्यकर्ते माना खाली घालून ऐकत होते. चहा कोणी केलाच नाही.

निकाल लागला. दहा.

"सर, मी त्यांनाच दिलं," शिंपी म्हणाला. "तुम्ही बोललातच तसं."

"मीही," ताई म्हणाल्या. "या खेपेला जागी होते ना."

"मीही," सर पुटपुटले.

तेवढ्यात दारात प्रचारक आणि त्याचे नऊजण उभे. मत कोणाला दिलं ते त्यांनी आपल्या पक्षात खरं सांगून टाकलं होतं आणि हाकलले गेले होते. "आम्हाला घ्याल का?" त्याने विचारलं.

सरांनी माझ्यावर 'दहा' लिहिलं. खडूच्या हातानेच डोळे पुसल्यामुळे चेहरा पांढरा झाला. "या, बसा," ते म्हणाले. "मात्र पुढच्या निवडणुकीला त्यांची बाजू तुम्ही मांडायची. तुम्हाला आतून माहीत आहे."

ताईंनी कपाळाला हात लावला.

आता माझ्या तळाशी एकाच आकड्यापुरती जागा उरली आहे. लहानसा असला तरी चालेल, फक्त शून्य नको. तुम्ही कधी सभेला आलात तर मागच्या बाकावर बसा, आणि जमलं तर थोडं कमी लक्ष द्या. हे मागणं योग्य आहे की नाही, याबद्दल मात्र माझी खात्री नाही.