थेंबांची वेळ

मी एक जुनी, वीतभर उंचीची लाकडी बुद्धमूर्ती आहे. मित्रांनो, माझ्याकडून फार मोठ्या गोष्टींची अपेक्षा ठेवू नका. एका सुताराने दाराची चौकट करून उरलेल्या तुकड्यातून मला कोरले. त्याच तुकड्याची एक चकती डगमगत्या टेबलाच्या पायाखाली गेली. खरे सांगायचे तर ती माझ्यापेक्षा जास्त कामाची ठरली.

रोज सकाळी सुतारबाबा मला पुसायचे, हात जोडायचे, थोडा वेळ शांत बसायचे आणि मग रंधा हातात घ्यायचे. त्यांनी कधी काही मागितले नाही. त्यामुळे माझे बरे चालले होते.

मग त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या डोळ्याने आधीच दिसत नव्हते. दर दोन तासांनी थेंब घाला, हयगय झाली तर हाही डोळा हातचा जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यांची मुलगी पार घाबरली. तिने थेंबांची बाटलीच माझ्या पायाशी ठेवली, बाबांना दिसू लागले तर सोन्याचा मुलामा देईन असे कबूल केले, आणि डोळे मिटून बसली ती बसलीच.

समोर घड्याळ होते. वेळ टळत चालली होती. तिला हाक मारावीशी वाटत होती, पण लाकडाने ओरडायचे कसे?

शेवटी बाबाच चाचपडत बाहेर आले. बाटली कुठे आहे ते कळल्यावर त्यांना हसू आले.

“अगं, हिला मी कोरलंय. हिच्याकडे कुठली आलीय विद्या डोळे बरे करायची?”

“मग तुम्ही रोज नमस्कार कशाला करता? ती मूर्तिपूजाच झाली की.” तिने बाटली उचलत विचारले.

“मागत बसलो तर झाली. मी आभार मानतो, बाळा. बुद्धांनी वाट दाखवली, ती हिच्याकडे बघून आठवते. चालायचं मात्र आपल्याच पायांनी. चल, आधी थेंब घाल.”

मित्रांनो, कुणी मागितले आणि मला देता आले नाही तर, ही धाकधूक मला कायम असायची. त्या दिवशी ती गेली. अगदी हुश्श झाले.

महिन्याने बाबांचा काळा चष्मा उतरला. त्यांनी मला खिडकीपाशी नेऊन निरखून पाहिले आणि म्हणाले, “नाक जरा वाकडंच राहिलं की.” इतका आनंद मला कुठल्याच फुलांनी झाला नव्हता.

मला पुसत जा, वाळवीपासून जपा, जवळ येऊन शांत बसा. पण घरात कुणी आजारी असेल तर आधी त्याच्याकडे जा. मी कुठे पळून जात नाही.