अंजनाच्या ओठांवरचा आवाज

पोरीला शिकवावं कुठवर, हा प्रश्न कुठल्या घरात निघत नाही? शेलूबाजारजवळच्या एका खेड्यात इंद्रभानानं १९७३ साली तो सोडवून टाकला होता. लेक अंजनाची सातवी झाली की शाळा बंद!

पण त्या पावसाळ्यात भलतंच घडू लागलं. दिवेलागणीला अंजना गोठ्याच्या कोपऱ्यात डोक्यावरून गोधडी घेऊन बसे. डोळे मिटलेले, अंग ताठ. ओठांतून बोल येत ते तिचे नव्हतेच. शहरी, थंडगार. "नदीचे पाणी वाढत आहे. काठच्या लोकांनी घरे सोडावीत." हाक मारली तरी तिला ऐकू जात नसे. एकदा दुसऱ्याच दिवशी एस.टी.च्या ड्रायव्हरनं खबर आणली, खालच्या अंगाची गावं पुरात गेली. इंद्रभानाच्या अंगावर सरसरून काटा आला.

"पोरीच्या अंगात आलं जी," तिची आई चतुराबाई रडू लागली. "भगताले आना."

छप्पन साली धम्म घेतला तेव्हा इंद्रभानानं स्वतःच्या हातानं घरातले देव नदीत सोडले होते. तरी तो भगताकडे गेला.

भगतानं गोठ्यातल्याच चुलीत विळा तापत घातला. "डाग द्या लागते. त्याबिगर ते जात नाही."

तेवढ्यात दारात वच्छलाबाई उभ्या राहिल्या. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. पोरगी वर्गात दिसेना म्हणून आलेल्या.

"हे काय करून राह्यले, इंद्रभानभाऊ?"

त्यांनी गोधडी हलकेच बाजूला केली. अंजनाच्या कानात इअरफोन होता. बांबूच्या नळीला तांब्याची तार गुंडाळलेली. तिचं एक टोक लिंबावर चढलेलं, दुसरं ओल्या मातीत पुरलेलं. मधे काचेचा बारकासा दाणा.

"बाईनं देल्ल्या सामानाचा रेडिओ बनवला म्या. तुमी शाळा बंद करतो म्हनलं, म्हून लपवलं, बाबा," अंजना म्हणाली.

इंद्रभानानं भीतभीतच तो इअरफोन कानाला लावला. आधी नुसती वाऱ्यासारखी सूं सूं. मग कानाच्या अगदी आत एक बाई बोलू लागली! ना पेटी, ना सेल. गोठ्यात तर कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

"बाई... हे जिती हाय?"

"जिती हाय. परभनीच्या रेडिओवर बोलून राह्यली. हे तार तिच्या लहरी हवेतून धरते, अन् या दान्यातला स्फटिक त्यातून आवाज वेगळा काढते. असल्याच पदार्थाचे ट्रान्झिस्टर बनतात, अन् तसा एक पदार्थ, सिलिकॉन, आपल्या अडान नदीच्या वाळूतबी हाय. आपले पोरं तो वळखायले शिकले, त उद्या ट्रान्झिस्टर इथंच बनवतीन. देव सोडले ना तुमी? मंग भेव काहून ठेवलं घरात?"

इंद्रभान डोळे मिटून ऐकत राहिला. नकळत त्याचेही ओठ हलू लागले, तोच थंडगार सूर त्याच्या तोंडून निघाला, आणि चतुराबाई किंचाळली! त्यानं डोळे उघडले. समोर लालभडक विळा होता, आणि शेजारी लेकीचा उघडा दंड.

अरे, काय करायला निघालो होतो मी!

त्यानं विळ्यावर घागर उपडी केली. "जा भगतबुवा. माही पोरगी शिकून राह्यली."

अंजना मॅट्रिक झाली आणि पुढे रेडिओचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागली. वाचकहो, जे कळत नाही त्याला आपण भूत म्हणतो, आणि चटका मात्र आपल्याच लेकरांना देतो. त्यांना आपल्या गावच्या मातीतलं, वाळूतलं विज्ञान शिकू द्या. उद्याचे कारागीर आपल्याच घरात बसले आहेत. त्यांना भिऊ नका!