पांढरा पडदा आणि काळे कोट

मी साइटस्क्रीन बोलतोय. नाव अवघड वाटत असेल तर मैदानाच्या टोकाला, सीमारेषेमागे उभा असलेला तो भलामोठा पांढरा पडदा म्हणा. म्हणायला पडदा, अंग मात्र फळ्यांचं. गोलंदाजाच्या हातून सुटलेला लाल चेंडू फलंदाजाला लख्ख दिसावा म्हणून मागे कोऱ्या चेहऱ्याने उभं राहायचं, एवढंच माझं काम. मला घडवणारा सुतार म्हणाला होता, "लेका, तुझ्याकडे कुणी बघत नसलं की समज, काम चोख चाललंय."

समोरच्या टोकाला माझा जुळा भाऊ होता. जिल्हा क्रिकेट मंडळाला बक्षीस समारंभासाठी व्यासपीठ हवं झालं, तेव्हा त्याच्या फळ्या उचकटल्या. आता तिथे नुसती गर्द झाडी आहे. व्यासपीठाचं तेवढ्या फळ्यांत भागलं म्हणून मी वाचलो. मला रंग द्यायला एक उपसमिती नेमली होती. तिने फोटोत येईल तेवढाच भाग रंगवला.

माणसांची एक खोड मला अजून कळलेली नाही. एवढं मैदान मोकळं पडलेलं असतं, पण गोलंदाज धावायला लागला की कुणाला तरी नेमकं माझ्यासमोरूनच जायचं असतं. पंच ओरडतात, आणि तो गृहस्थ मागे वळून बघतो, जणू दुसऱ्याच कुणाला सांगताहेत.

यंदा अध्यक्षांच्या मनात आलं, मुलींचा निवड सामना टीव्हीवरच्यासारखा झाला पाहिजे. रंगीत कपडे आले, पांढरे चेंडू आले, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी स्वतःसाठी काळे कोट शिवून घेतले. पांढऱ्या चेंडूमागे काळा पडदा लागतो, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पांढऱ्या भिंतीवर चुन्याचा ठिपका शोधायला सांगावं तसं झालं. झाडीकडून आलेला चेंडू मुली छान खेळायच्या आणि माझ्याकडून आला की धडाधड बाद व्हायच्या. "आपल्या पोरींकडे तंत्रच नाही," असं म्हणत सचिवांनी चहात बिस्किट बुडवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग खेळायला आली चष्मिस. जाड भिंगांची, आत्याने वाढवलेली पोर. वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. आज निवडकर्त्या बाईंच्या नजरेत भरली नाही, तर विभागीय संघाचं दार कायमचं बंद होणार होतं. माझ्याकडून आलेला पहिलाच चेंडू तिच्या खांद्यावर बसला. खांदा चोळत ती पंचांना म्हणाली, "सर, चेंडू दिसत नाहीये. मागे काळं काहीतरी लावा ना."

सचिव लगबगीने आत आले. "बाळा, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"माझा वाढला असेल. आधी बाद झालेल्या सगळ्यांचाच वाढला का?"

"हे बघ, काळं कापड आणायचं तर बैठक बोलवावी लागते."

आत्या दोरीपलीकडेच उभी होती. तिचं शिवणकामाचं दुकान आहे आणि मंडळाचे कोट तिच्याच हातचे. ती म्हणाली, "कापड कशाला शोधताय? सगळं तुमच्या अंगावर आहे की. कोट काढा आणि टांगा त्या फळ्यांवर."

अध्यक्ष दचकले. संध्याकाळी पाहुणे येणार होते, फोटो व्हायचे होते, शिवाय आतल्या शर्टाला इस्त्री नव्हती. "कोट काही मी काढणार नाही," ते म्हणाले.

"नका काढू. घालूनच उभे राहा तिकडे. व्यासपीठ आहेच."

निवडकर्त्या बाई हे सगळं बघत होत्या, त्यामुळे नाही म्हणायची सोय उरली नाही. व्यासपीठ ओढत माझ्यासमोर आणलं. भावाच्या फळ्या पुन्हा आपल्या कामाला लागलेल्या पाहून मला भरून आलं. मधोमध कोण उभं राहणार यावरून थोडी धुसफूस झाली, पण शेवटी सगळं मंडळ खांद्याला खांदा लावून उभं राहिलं. "हलायचं नाही. पाठ खाजली तरी नाही," पंचांनी हसू दाबत बजावलं.

आणि चष्मिसला चेंडू दिसला. मग काय विचारता! कधी कव्हरमधून, कधी पायाकडून, ती मनसोक्त खेळली. एक चेंडू तर थेट मंडळावरच उंच आला. सचिव मटकन खाली बसले. अध्यक्ष मात्र जागचे हलले नाहीत. चेंडू त्यांच्या डोक्यावरून येऊन माझ्या फळीवर आदळला. दुखलं, पण असं दुखणं रोज यावं. "दिसतंय बरं का पोरीला," अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले आणि चक्क टाळ्या वाजवू लागले.

संध्याकाळी बाईंनी विभागीय संघात तिचं नाव पुकारलं, तेव्हा आत्याने पदराने आधी तिचा चष्मा पुसला आणि मग स्वतःचे डोळे. मंडळाच्या अहवालात छापून आलं, "मंडळ खेळाडूंच्या पाठीशी भक्कमपणे उभे राहिले." पाठीशी कुठलं, समोर उभं होतं. पण उभं होतं हे खरं.

त्यानंतर मंडळाने मला काळा रंगही दिला, तोही या खेपेला अंगभर. फक्त तो दिलाय मागच्या बाजूला. गरजेप्रमाणे मला फिरवायचं असं ठरलंय आणि माझी चाकं तर गंजून जमिनीत रुतलेली. तेव्हा मंडळी, हात जोडून एवढंच मागतो, जाता येता कुणीतरी माझ्या चाकांत तेल घाला. पोरींचे सामने पुन्हा तोंडावर आलेत. सगळ्यांनाच काही अशी तोंडाळ आत्या मिळत नाही.