रुमालाखालचा सौदा

रविवार म्हणजे खेळाचा दिवस, तरी हरीशला आज सकाळपासून करमत नव्हतं. प्रेमानंदनं डोंगरकड्याहून निघताना शिवकन्याला फोन करून सांगितलं होतं, की आजचा खेळ शेवटचा, पुढच्या रविवारपासून आपण वसमतला येणार नाही. हरीशला त्यानं फोनच केला नव्हता, आणि तेच हरीशला जास्त लागलं.

खेळ तसा साधा. शिवकन्या गोष्ट सांगायची. त्या गोष्टीत प्रेमानंद तिरंदाज, हरीश तलवारबाज, आणि पुढ्यात दोघांची एकेक सोंगटी. काय करायचं ते आपलं आपण ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते फासे सांगायचे. गोष्टीत जी मौल्यवान वस्तू सापडेल तिच्या चित्राचा पत्ता शिवकन्या स्वतः रंगवून द्यायची, आणि तो ज्याचा त्यानं आपल्यापुढे मांडून ठेवायचा. बाहेरच्याला हसू येईल असला उद्योग. शाळेत शिकवणारी आपली लेक दोन कमावत्या बाप्यांबरोबर घराच्या माडीवर हळदीच्या पोत्यांवर बसून राक्षसांशी लढते, याची शिवकन्याच्या आईला लाज वाटायची. चहा मात्र ती वेळेवर पाठवायची.

भांडण गेल्या महिन्यात झालं, एका पायऱ्यांच्या बारवेत. बारव गोष्टीतली, पण भांडण खरं. विषारी धूर चढत होता, दार मिटत होतं आणि हरीशला एकच काहीतरी उचलता येणार होतं: खाली पडलेला तिरंदाज, नाहीतर निळ्या पात्याची तलवार. त्या तलवारीसाठी तो वर्षभर झुरला होता. त्यानं तलवार उचलली. तिरंदाज कसाबसा सरपटत बाहेर आला, पण त्याचे डोळे गेले. प्रेमानंदनं फासे बाजूला सारले, तेव्हा हरीश म्हणाला, "खेळच तर हाय." एवढं बोलला नसता तर निभावलं असतं. हरीशचे वडील नांदेडला दवाखान्यात होते तेव्हा हाच प्रेमानंद त्यांच्या खाटेखाली चादर टाकून झोपत होता. अशा माणसाला हे ऐकवायचं म्हणजे कमालच. हरीशला ते त्याच रात्री कळलं होतं, पण माफी मागायला जीभ रेटत नव्हती.

आज गोष्टीत बाजार होता. शिवकन्याचे वडील बैलांचे व्यापारी. त्यांचाच रुमाल तिनं आपल्या हातावर पसरला. बैलबाजारात रुमालाखाली जितका आकडा तितकी बोटं धरून भाव ठरतो, तसाच इथंही ठरणार होता. मोबदल्यात वस्तू द्यायची तर तिचा पत्ताही रुमालाखालूनच सरकवायचा. दुकानातला माल म्हणजे तिच्यापुढचे पालथे पत्ते, आणि ज्याची पाळी असेल त्यालाच ती ते दाखवणार होती. मग तिनं नियम सांगितला: सौद्याबद्दल जो तोंड उघडेल, त्याचा माल माती होईल.

आधी हरीशची पाळी. प्रेमानंद खिडकीबाहेर बघत होता. तिरंदाज आंधळा, त्याला दुकान दिसायचं कारणच नव्हतं. शिवकन्यानं दाखवलेल्या पत्त्यांत डोळ्यांचं औषध निघालं. हरीशनं त्यावर बोट ठेवलं आणि हात रुमालाखाली घातला. तिनं त्याचा अख्खा पंजा दाबला, आणि पुन्हा एकदा दाबला. एवढा भाव! त्यानं चिलखताचा पत्ता सरकवला. पकड ढिली होईना. घोडा सरकवला, तरी होईना. हिला सगळं माहीत आहे आणि ही मुद्दाम करतेय, असं वाटून त्याला तिचा भयंकर राग आला. शेवटी त्यानं तलवारीचा पत्ता घेतला, अर्ध्यातून मागे ओढला, आणि मग एकदाचा रुमालाखाली लोटला. तेव्हा कुठे तिचा हात सुटला.

"बाजारातला एक माणूस तिरंदाजाच्या डोळ्यांत औषध घालतो," शिवकन्यानं सांगितलं. "तिरंदाजाला दिसायला लागलं."

प्रेमानंद ताडकन उठला आणि त्यानं पिशवी खांद्याला लावली.

"तूच केली न्हं ही मेहरबानी?" तो तिला म्हणाला. "मला दया न्हाई पायजे, शिवकन्या. मी निघून राहिलो."

हरीशचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बोलावं तर औषधाची माती, तिरंदाज पुन्हा आंधळा, आणि तोही दुसऱ्यांदा हरीशमुळेच. न बोलावं तर हा जिना उतरणार. त्यानं शिवकन्याकडे पाहिलं. ती रुमालाची घडी घालत होती, जसं काही झालंच नाही. प्रेमानंद दारापर्यंत गेला. हरीशला रडू येईल असं वाटायला लागलं, इतका तो घाबरला होता, पण त्यानं ओठ घट्ट मिटले.

"तुझी पाळी राहिली," शिवकन्या शांतपणे म्हणाली. "आता दिसतंय तर दुकान तरी बघून जा."

प्रेमानंद उभ्याउभ्याच वळला. जाताजाता उगाच वाद नको म्हणून असेल. ती एकेक पत्ता उलटत गेली. दोर. कंदील. मग चिलखत, मग घोडा. प्रेमानंदच्या कपाळाला आठी पडली. शेवटचा पत्ता निळा निघाला.

त्यानं तो उचलून उजेडात धरला. कोपऱ्यावर चहाचा डाग होता. तलवार मिळाली त्या दिवशी आनंदाच्या भरात हरीशनंच तो पाडला होता. प्रेमानंदची नजर हरीशच्या पुढ्यात गेली. तिथं एकही पत्ता नव्हता. हरीश पोत्याच्या शिवणीकडे बघत बसला होता.

"काय घेणार?" शिवकन्यानं विचारलं.

प्रेमानंदनं पत्ता होता तिथं ठेवला. मग खांद्यावरची पिशवी उतरवून खाली बसला आणि त्यानं फासे जवळ ओढले.

"काही न्हाई. बाजाराभायेरची वाट कशी हाय?"

"अंधारी. लुटारू बसलेत."

"मंग ह्याला सांग," हरीशकडे न बघता तो म्हणाला, "माझ्या मागून चाल म्हणाव. ह्याच्या हातात काहीच न्हाई."

हरीशनं आपली सोंगटी उचलली आणि तिरंदाजाच्या अगदी मागे नेऊन ठेवली.